सरांचं वागणं कोण बघतं?

मा. अध्यक्ष, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन, पुणे,
तसेच कोल्हापूर जिल्ह्यातील क्रिकेटचे सर्व पदाधिकारी, यांस



मी हातकणंगले तालुक्यातली एक आई. मुलगी डावखुरी फिरकी टाकते. तिला नेटवर सोडून घरी जायचं आणि पुन्हा आणायला यायचं, यात पेट्रोलही जातं आणि वेळही, म्हणून मी तिथंच थांबते. बसल्या बसल्या स्कोअर लिहायला शिकले. आता सरावसामन्यांची वही माझ्याकडेच असते. बाउंड्रीबाहेर खुर्ची टाकून वहीत डोकं घातलेल्या बाईकडं कुणाचं फारसं लक्ष नसतं, त्यामुळं बरंच काही ऐकू येतं. पत्राखाली नाव का नाही, ते पुढं कळेलच.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर आमच्याकडच्या नेटवर मुली डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या. साहजिक आहे. स्मृती मानधना सांगलीची. अनुजा पाटील कोल्हापूरची, ती तर स्मृतीच्याही आधीपासून भारतासाठी टी-ट्वेंटी खेळत होती. दोन्ही गावं आमच्या दोन अंगांना. आपली पोरगीही तिथवर जाईल असं एखाद्या आईबापाला वाटलं, तर त्याला हसू नये. मुली आल्या, मुलं तर होतीच, मग अकादम्याही उगवल्या. हायवेकडेच्या बिगरशेती प्लॉटवर, मंगल कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत, उसाच्या फडाला लागून. चार खांब, हिरवी जाळी, एक मॅट आणि फ्लेक्सवर विराट कोहली. चांगलंच आहे. आमच्या वेळी एवढंही नव्हतं.

माझा प्रश्न जाळीच्या आत उभ्या असलेल्या माणसाबद्दल आहे. शाळेची व्हॅन चालवायची तर लायसन्स लागतं, बॅज लागतो, आरटीओ अडवतो. सर व्हायला शिट्टी आणि टोपी पुरते. काही सरांनी बीसीसीआयची लेव्हल वनची परीक्षा दिलेली असते, काहीजण जिल्ह्याकडून खेळलेले असतात, काहीजण फक्त खेळलेल्यांना ओळखत असतात. यातलं कोण कुठला, हे विचारायची रीत नाही. एकदा एका वडिलांनी विचारलं होतं, तर उत्तर मिळालं, "विश्वास नसंल तर घेऊन जावा पोराला." न्यायचं कुठं, हे दोघांनाही माहीत होतं.

कारण हाच माणूस फी घेतो, हाच इंग्लिश विलोची बॅट कुणाकडून घ्यायची ते सांगतो, पुष्कळदा स्वतःच आणून देतो, आणि निवड चाचणी जवळ आली की "वर शब्द टाकतो" असंही हाच म्हणतो. तो शब्द खरंच वर पोचतो की नाही, मला ठाऊक नाही. बहुतेक वेळा पोचत नसावा. पण तो पोचतो अशी समजूत आहे तोवर घरातलं कुणी तोंड उघडत नाही. सर ओरडले, सिलेक्शन आहे, गप बस. सरांनी मारलं, सिलेक्शन आहे. अध्यक्षसाहेब, आमच्या तालुक्यात मुलांचं क्रिकेट 'सिलेक्शन' या एका शब्दाच्या धाकावर चालतं आणि तो शब्द आपल्या कार्यालयातून निघतो. म्हणून हे पत्र अकादमीला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

एक प्रसंग सांगते. अकादमीचं नाव सांगत नाही, कारण असं कुठंही घडू शकतं. तेराएक वर्षांचा मुलगा, मध्यमगती, अंगानं थोराड. सकाळी शाळेच्या सामन्यात टाकून आलेला, संध्याकाळी नेटवर पुन्हा त्यालाच बोलिंग. का, तर मोठ्या मुलांना सराव मिळावा. मध्येच कमरेवर हात ठेवून तो वाकला आणि पाठ दुखतेय म्हणाला. सर म्हणाले, "ह्या वयात कसली आलीय पाठ? टाक." त्यानं टाकला, फुलटॉस पडला, फलंदाजानं तो उसात भिरकावला. "पोरीगत काय टाकतोयस? जा, शोधून आण." पोरगं अंधार पडायच्या वेळेला फडात शिरलं. आमच्याकडं त्या वेळी मोठी माणसंही काठी आपटत शिरतात. शेजारच्या जाळीत माझी मुलगी चेंडू हातात घेऊन थांबली होती. घरी येताना गाडीवर मागून तिनं विचारलं, "मग मी कशी टाकते?"

ते सर वाईट नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. ऊन असो, थंडी असो, सहाच्या ठोक्याला हजर. गरिबाच्या पोराची फी थकली तर मागत नाहीत. त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही की वाढत्या वयात वेगवान गोलंदाजाच्या पाठीच्या मणक्याला बारीक चीर जाऊ शकते, आणि तिची सुरुवात नेमकी अशा दुखण्यानं होते. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं यासाठी वर्षानुवर्षं नियम ठेवले. तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका दमात ५ षटकं आणि दिवसभरात १०. चौदा आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ६ आणि १२. फलंदाजाच्या किती जवळ मुलांना क्षेत्ररक्षणाला उभं करायचं, याचं अंतरही वयाप्रमाणं ठरवून दिलं. हे काही फार मोठं शास्त्र नाही. एका कागदावर मावेल आणि जाळीला टांगता येईल. स्कोअरची वही माझ्या मांडीवर असते, त्या मुलानं सकाळपासून किती षटकं टाकली ते मी बोट ठेवून दाखवू शकले असते. पण वही दाखवायची कुणाला?

आता आमच्या भागातलं नेहमीचं उत्तर येईल. कोल्हापूर तालमींचं गाव, इथं वस्तादाचा मार खाल्ल्याशिवाय कुणी घडत नाही. मान्य, वस्ताद मारायचे. पण गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी भर वस्तीत होत्या. वस्ताद पठ्ठ्यांबरोबर तिथंच राहायचा, जेवायचा. त्याची चालचलणूक अख्ख्या पेठेला दिसायची. चुकला तर चार म्हातारे त्याला पारावर बोलावून सुनवायचे आणि तो ऐकून घ्यायचा. भाड्याच्या प्लॉटवरच्या सरांना असा पार नाही. तालमीतला मार आम्ही उचलला आणि पेठेची नजर मागं ठेवली. शिवाय पालकही काही कमी नाहीत. "मारा सर, तुमचाच पोरगा समजा," असं पहिल्याच दिवशी सांगून मोकळं होणारे आमच्यातच आहेत.

दुसरं उत्तर म्हणजे आचरेकर सर. सचिन तेंडुलकरनं स्वतःच अनेकदा सांगितलेली हकिगत आहे. सरांनी त्याच्यासाठी ठरवलेला सामना सोडून तो आपल्या शाळेचा अंतिम सामना बघायला वानखेडेवर गेला आणि सरांनी त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असं खेळ, हा सरांच्या तेव्हाच्या बोलण्याचा मथितार्थ. ही गोष्ट आमच्याकडं प्रत्येक सर सांगतात. मात्र त्याच सचिननं सांगितलेली दुसरी गोष्ट सहसा कानावर येत नाही: सर त्याला स्कूटरवर मागं बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, दिवसात जास्तीत जास्त डाव खेळायला मिळावेत म्हणून. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून, दिवसभर बाद झाला नाहीस तर ते तुझं, असंही म्हणायचे. रमाकांत आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो त्या थपडेसाठी मिळाला नव्हता. आमच्या सरांनी त्यांच्याकडून थप्पड तेवढी घेतली, स्कूटर घेतली नाही. आणि सचिनला एक थप्पड मानवली म्हणून त्या काळात थपडा खाऊन घरी बसलेली पोरं किती, याची नोंद कुणीच ठेवलेली नाही.

शाळेत छडी मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. त्याच्या सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासही धरलेला आहे. म्हणजे जी शिवी वर्गात दिली तर मास्तरांना नोटीस निघेल, तीच संध्याकाळी पाच वाजता नेटवर दिली की तिला 'मेंटल टफनेस' म्हणतात. मुलं तीच, वेळ तेवढी बदलली.

आता वागणुकीच्या अशा एका बाजूबद्दल, जी शिव्या आणि मारापेक्षा सभ्य दिसते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेनं नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. संघाच्या धावा ३ बाद १४६५. समोरची आर्य गुरुकुल शाळा एका डावात ३१ आणि दुसऱ्यात ५२. त्या संघात वयानं बरीच लहान मुलं होती, हे तेव्हाच वर्तमानपत्रांत आलं होतं. प्रणवला मी काय बोलणार? पंधरा वर्षांचा मुलगा, समोर चेंडू येतोय, तो मारतोय. पण पाचशे झाले, सातशे झाले, तेव्हा डाव घोषित करायला दोन्हीकडच्या कुणा मोठ्या माणसानं पुढं यायला नको होतं का? समोरची चिमुरडी पोरं उन्हात चेंडू आणून आणून दमली, याचा हिशेब कुठल्याच पुस्तकात नाही. पुढं त्या विक्रमाचं ओझं प्रणवच्याच खांद्यावर आलं. मिळालेली शिष्यवृत्ती २०१७ मध्ये त्याच्या घरच्यांनी परत केली.

याच्या उलट गोष्ट आमच्या कोल्हापूरची. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला फक्त ९ धावा कमी. आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, आपल्याविरुद्ध असा विक्रम नको म्हणून मध्यंतरानंतर संघ घेऊन मैदानावर आलेच नाहीत. भाऊसाहेबांना पुढं एकही कसोटी मिळाली नाही. आमच्याकडं हा किस्सा हळहळीनंच सांगितला जातो. मला मात्र हे दोन्ही सामने शेजारी ठेवावेसे वाटतात. एका ठिकाणी मोठ्यांनी खेळ थांबवायला हवा होता, त्यांनी थांबवला नाही. दुसरीकडे थांबवायला नको होता, तर मोठ्यांनी थांबवला. दोन्हीकडं प्रश्न मोठ्या माणसांच्या मानाचा होता आणि किंमत खेळणाऱ्यानं मोजली. प्रशिक्षकाला शिकवायचं असेल तर मला वाटतं इथून सुरुवात करावी, कव्हर ड्राइव्हपासून नाही.

वयचोरीबद्दल फार लिहीत नाही, आपल्याला सगळं ठाऊक आहे. राहुल द्रविडनं २०१५ च्या पतौडी व्याख्यानात तिला थेट भ्रष्टाचाराच्या पंगतीत बसवलं. बीसीसीआयनं २०२० मध्ये आपणहून कबूल करणाऱ्यांना माफी देऊ केली आणि लपवणाऱ्यांना दोन वर्षांची बंदी. हाडांच्या चाचण्या होतात, कागद तपासले जातात, आणि सापडलं की बंदी मुलावर. दाखला बदलायचा सल्ला बारा वर्षांच्या पोराला सुचलेला नसतो. त्याला तो देणारं कुणीतरी मोठंच असतं. त्याचं काय झालं, हे मी कधी ऐकलं नाही.

आता जे सगळ्यात जड आहे ते. मुली आता बाहेरगावी सामन्यांना जातात. सकाळची गाडी, रात्रीचा मुक्काम. बरोबर बाई नाही. रात्री साडेदहाला मुलीच्या मोबाइलवर सरांचा मेसेज येतो, "उद्या फिल्डिंगला पुढे राहा." मेसेजमध्ये काहीच वावगं नाही. पण तो तिला का, मला का नाही? पायाला क्रॅम्प आला की मालिश कुणी करायचं, कुठं, कुणासमोर? कपडे बदलायला कुठं जायचं? हे प्रश्न मी विचारले तेव्हा मला 'शंकेखोर' ठरवलं गेलं. ठरवू देत. उत्तराखंड, पुदुच्चेरी अशा ठिकाणी क्रिकेट प्रशिक्षकांवर अल्पवयीन मुलींच्या तक्रारींवरून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी वाचल्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या महिला संघाच्या प्रशिक्षकाला संघाच्या बसमध्ये दारू प्यायल्याच्या आरोपावरून निलंबित केलं गेलं, ते व्हिडिओ फिरू लागल्यावर. आरोप खरे-खोटे करायला कोर्ट आहे. मी फक्त इतकंच विचारते, की आमच्या तालुक्यातल्या मुलीला व्हिडिओ फिरवायच्या आधी जायला जागा कुठली?

आणि हे काही माझ्या मनचं मागणं नाही. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याखालचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले. त्यांतल्या तिसऱ्या नियमात शाळा आणि पाळणाघरं यांच्या बरोबरीनं क्रीडा अकादमीचं चक्क नाव घेतलं आहे. मुलांशी नेहमीचा संबंध येणाऱ्या संस्थेनं आपल्या प्रत्येक माणसाची, कायम असो की कंत्राटी, वेळोवेळी पोलीस पडताळणी करून घ्यायची आणि मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण त्याला द्यायचं. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हाही याच कायद्यात गुन्हा. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे "आपापसांत मिटवू" म्हणणारा माणूस स्वतःच अडकतो. मी ओळखीच्या दोन-तीन अकादम्यांत पडताळणीचं विचारलं. एकानं पासपोर्टची पडताळणी दाखवली.

आपण म्हणाल, अकादम्या खाजगी आहेत, आमच्याशी संलग्न नाहीत, आम्ही काय करणार? करता येतं. निवड चाचणीचा अर्ज आपला असतो. त्या अर्जावर एक ओळ वाढवा: प्रशिक्षकाचं नाव आणि असोसिएशनकडचा नोंदणी क्रमांक. ज्याच्याकडं पडताळणी नाही, वागणुकीच्या नियमांवर सही नाही, त्याला क्रमांक नाही. तसे सर असतील तर मुलाचा अर्ज अडवू नका, त्यात पोराचा काय दोष. पण सरांना मैदानाच्या आत, डगआऊटमध्ये, टीमच्या बसमध्ये प्रवेश नको. एका हंगामात जाळीजाळीवर पडताळणीचे कागद लागतील, बघा. ज्या शब्दाचा धाक आहे, तो एकदा तरी मुलांच्या बाजूनं वापरून बघा.

दुसरं, जो शिकवतो त्यानं निवड समितीच्या आसपास दिसू नये आणि किट विकू नये. या तीन खुर्च्या वेगळ्या झाल्या की अर्धी भीती तिथंच जाते. मुली बाहेरगावी जाणार असतील तर बरोबर एक बाई हवीच; मानधन परवडत नसेल तर आम्ही आया पाळीपाळीनं येऊ, फक्त बसमध्ये जागा द्या. मेसेज पालकांच्या ग्रुपवर. आणि तक्रार ऐकायला जिल्ह्यात असा एक माणूस, शक्यतो बाई, जिचा क्रिकेटशी काडीचा संबंध नाही. निवृत्त मुख्याध्यापिका चालेल, वकील चालेल, डॉक्टर चालेल. माजी खेळाडू नको. माजी खेळाडू सगळे एकमेकांचे मित्र असतात. तोवर निदान १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत जाळीवर लावायला तर काही खर्च नाही.

सरांच्या बाजूनंही एक गोष्ट आहे. खोट्या तक्रारीची धास्ती त्यांना असते आणि ती अगदीच निराधार नाही. पोराला वगळलं म्हणून सरांची बदनामी करणारे पालक मी बघितलेत. पण नियम लेखी असले, मेसेज ग्रुपवर असले, सामन्याला दुसरं मोठं माणूस बरोबर असलं, तर सरळ माणसाला त्याचाच आधार होतो. नियमांची अडचण कुणाला होईल, ते आपण ओळखालच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण करायचं त्यात आहे. दिल्लीत ठरलेलं धोरण कागदावरून मैदानावर यायला किती काळ लागतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आमच्या मुलींचं वय तोवर थांबणार नाही. चौदाखालची ट्रायल एकदा गेली की गेली. म्हणून पुढच्या चाचण्यांच्या अर्जापासून सुरुवात व्हावी, एवढंच मागणं आहे.

नाव लिहिलं असतं. पण त्याच चाचण्यांना माझी मुलगीही उतरणार आहे. उत्तर मला व्यक्तिशः नको. जिल्हा असोसिएशनच्या नोटीस बोर्डावर लावा आणि त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायला सांगा. तिथं आम्ही सगळ्याजणी वाचतो.

कळावे,

एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची आई
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर